बोरमाचीची कमान

पोलादपूरच्या बसथांब्यापासून बोरमाचीच्या देवळापर्यंत एकोणीस किलोमीटर रस्ता आहे आणि त्याला चार मालक आहेत. पहिला दीड किलोमीटर महामार्ग, तो केंद्र सरकारचा. पुढे उमरठच्या बाजूला जाणारे तेरा किलोमीटर राज्याच्या बांधकाम खात्याचे. फाट्यापासून डोंगर चढून गावाच्या वेशीपर्यंतचे चार जिल्हा परिषदेचे. वेशीपासून देवळापुढच्या पटांगणापर्यंतचा अर्धा ग्रामपंचायतीचा. या रस्त्यावर सात पूल, बावीस मोऱ्या आणि एक कमान. पूल आणि मोऱ्या सरकारी. कमान गावाची.

मुंबईत औषधाच्या कंपनीत जन्म काढून परतलेल्या मुरारी उतेकरांनी मुंबईकर मंडळाची वर्गणी काढून ती वेशीवर उभी केली होती. वर लाल अक्षरांत थोरल्या भावाचं नाव : कै. गोमाजी उतेकर प्रवेशद्वार. "आमदार-खासदाराच्या तोंडाकडं बघितलं नाय. दमडी घेतली नाय सरकारची," असं मुरारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पुढे एका वर्षी मे महिन्यात गावात एसटी यायची बंद झाली. गाडी फाट्यावरूनच माघारी फिरू लागली. गावाला त्रास झालाच, पण सगळ्यात जास्त झाला गोमाजींच्या विधवेला, चंद्रभागाबाईंना. वय शहात्तर. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. आठवड्यातून दोनदा महाडला डायलिसिस. एसटीत त्यांना वयामुळे तिकीट माफ होतं. रिक्षा मिळाली तर मिळाली; पावसाळ्यात घाटाचा चिखल बघून रिक्षावाले फोनच उचलत नसत.

मुरारींनी तावातावाने आगाराला, जिल्हा परिषदेला, थेट मंत्र्यांनाही तक्रार केली. जुलैत त्या तक्रारीवरून जिल्हा परिषदेच्या अभियंता शगुफ्ता आल्या. महाडच्याच. अंगात रेनकोट, हातात टेप.

"काका, हे टोक धरा जरा."

"माझ्या हातात काय देताय मॅडम? टेप लावा त्या एसटीवाल्यांना! सगळे चोर हायत!"

शगुफ्तांनी रस्त्यापासून कमानीच्या तुळईपर्यंत माप घेतलं. पुन्हा एकदा घेतलं. "तीन मीटर अकरा सेंटिमीटर. बसची उंची तीन मीटर वीस."

"खोटं! बांधली तवा साडेतीन मीटर होती. मी इथंच उभा होतो."

"असेल. कमान खाली आलेली नाही काका, रस्ता वर आलाय. अतिवृष्टीत वाहून गेला तेव्हा आम्ही खडी-डांबराचा थर चढवला. वेशीपाशी त्याच्यावर पंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून काँक्रीट ओतलं. दोघांनी खाली बघून काम केलं. वर कोणीच बघितलं नाही."

"मग गाडीनं कमानीपर्यंत तरी यावं!"

"आणि वळावं कुठे? या अंगाला दरड, त्या अंगाला दरी. पटांगण आत आहे."

टपरीवरचा सुनील हसला. "मुरारीतात्या, आता गाडीला वाकायला शिकवा!"

"गप रे!" मुरारी उसळले. "मॅडम, रस्ता खणा खाली."

"कोणाच्या पैशातून?" शगुफ्तांनी शांतपणे विचारलं. "पंचायत म्हणेल, आमचा निधी संपला. आमच्याकडे डांबर उखडायला वेगळी तरतूद नाही. राज्य म्हणेल, हा रस्ता आमचा नव्हे. केंद्र तर महामार्गावरच थांबलं. पैसे देणारे अनेक, काका, पण बस एकच, आणि तिला सगळा रस्ता लागतो. तुमच्या वहिनींचं तिकीट माफ आहे ना? तेही राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. हे सगळे खिसे कोण भरतं? तुम्ही-आम्हीच. काडेपेटी घेतली तरी त्यात कर असतो. आम्ही सरकारी माणसांनी एकमेकांना विचारलं नाही, ही आमची चूक. मी ती लिहून देणार आहे. पण तुम्ही तर कोणालाच विचारलं नाही!"

"आमच्या पैशानं बांधली. इचारायचं कशाला?"

"पैसे तुमचे होते. रस्ता सगळ्यांचा होता." त्यांनी टेप गुंडाळली. "मी नोटीस काढली तर वर्ष जाईल. तुम्ही कमान आपणहून पाडलीत तर दोन दिवसांचं काम आहे."

"भावाचं नाव हाय त्याच्यावर," मुरारी म्हणाले आणि घरी निघून गेले.

ऑगस्टमध्ये चंद्रभागाबाईंच्या डायलिसिसच्या चार खेपा चुकल्या. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. पाय सुजले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून त्या भिंतीला टेकून बसूनच झोपू लागल्या.

सप्टेंबर लागला. गणपती चार दिवसांवर होते. त्या सकाळी रिक्षा आलीच नाही. फाट्यावरची एसटी गाठायला मुरारी आणि सुनील यांनी म्हातारीला खुर्चीत बसवून उचललं. कमानीपर्यंत जाईस्तोवर तिचे ओठ काळेनिळे पडले. खुर्ची तिथेच टेकवावी लागली. चंद्रभागाबाईंनी मान वर केली.

"भावजी, ह्यांचं नाव तितं हाय ना?"

"हाय वैनी."

"लय उंचावर ठेवलंत." त्या मधे श्वासासाठी थांबल्या. "ते आजारी माणसाला पाठीवर घेऊन फाट्यावर जायचे. तुमाला ताप आलेला तवा तुमाला पन नेलं हुतं. ते असते तर त्यांनीच घण घातला असता हिच्यावर."

मुरारींनी वरची लाल अक्षरं वाचली. अरेरे, भावाच्या नावाने आपण भावाचीच वाट अडवून बसलो! कमान पाडतो, हे सांगायला त्यांनी तिथूनच मुंबईला फोन लावला. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "गणपतीनंतर मीटिंग घेऊ."

"तवर वैनी राहायची नाय रे!" मुरारी ओरडले.

दुपारी सुनीलच्या मोटारसायकलवर, दोघांच्या मधे बसून, म्हातारी कशीबशी महाडला पोचली. दुसऱ्या दिवशी मुरारींनी पहिला घण स्वतः घातला. गावातली पोरं आली, मग बायाही राडारोडा उचलायला आल्या. तिसऱ्या दिवशी वेशीवर नुसते दोन खांब उरले. गणेश चतुर्थीला एसटी पटांगणात येऊन वळली.

वाचकहो, रस्त्याला पैसा कोण देतं, हे प्रत्येकाने विचारावं. ग्रामसभेत विचारावं, जिल्हा परिषदेत विचारावं, मत मागायला येणाऱ्यालाही विचारावं. मात्र स्वतःच्या पैशाने काही उभारलं, म्हणून त्याखालचा रस्ता आपला होत नाही. चार सरकारांनी मिळून आणलेली बस आपल्या एका हौसेने अडू शकते. आणि ती अडते तेव्हा सगळ्यात आधी तो माणूस मागे राहतो, ज्याला दुसरी वाट नसते.

चंद्रभागाबाईंच्या हृदयाच्या दोन तपासण्यांचे कागद महाडच्या डॉक्टरांनी मुरारींना समजावून सांगितले. खेपा चुकल्या तेव्हा अंगात साठलेल्या पाण्याचा भार हृदयावर पडला होता. एप्रिलमध्ये त्यांचं हृदय दर ठोक्याला आतलं अठ्ठावन्न टक्के रक्त बाहेर टाकत होतं. ऑक्टोबरमध्ये एकतीस टक्के.