सुगराबीच्या दुकानासमोरचा सिग्नल

माझा नवरा जीवन हा चौकांतल्या सिग्नलच्या वेळा ठरवतो. घरी जेवायला यायची वेळ त्याला कधी ठरवता आली नाही, ते जाऊ द्या. खामगावात आमच्या गल्लीसमोरच्या मोठ्या रस्त्यावर त्याने पायी चालणाऱ्यांसाठी सिग्नल लावला, तेव्हा मी शेजारणींना पेढे वाटले होते. बटण दाबायचं, गाड्यांना लाल दिवा लागला की पलीकडे जायचं.

पलीकडे सुगराबीचं बांगड्यांचं दुकान आहे. ती आणि माझ्या सासूबाई मंजुळाबाई, दोघींचं माहेर पिंपळगाव राजा. सुगराबीचे गुडघे केव्हाच गेलेले, म्हणून दुपारचा चहा झाला की सासूबाईच तिकडे जायच्या आणि माहेरच्या सगळ्यांचा समाचार घेऊन दिवेलागणीला परतायच्या. दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता.

चालणाऱ्यांना किती वेळ द्यायचा हे ठरवायला जीवनने आईलाच रस्ता ओलांडायला लावलं. "सगळ्यात हळू चालणारं माणूस आपल्याच घरात आहे," म्हणाला. लेक मोबाइलवर वेळ मोजतोय, ट्रकवाले खोळंबलेत, दुकानदार बघतायत. सासूबाईंनी चपला काढून हातात घेतल्या, पदर खोचला आणि बस चुकत असल्यासारख्या सुटल्या. पलीकडे पोचून खांबाला धरून उभ्या राहिल्या. मी पाणी घेऊन धावले, तर धापा टाकत म्हणाल्या, "जीवनले सांगू नको वो. त्याचं काम चांगलं दिसलं पाह्यजे."

मी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, त्याला दिसलं होतं. पण वेळ कमी निघाला म्हणून गाडीवाले खूश, त्याचे साहेब खूश. त्याने तोच वेळ मशीनमध्ये भरला आणि आम्ही दोघांनी तो विषय टाळला. मी तर पेढे खाल्लेल्या शेजारणींकडून कौतुकही ऐकून घेतलं, निर्लज्जासारखी.

परवा बांगड्या भरायला गेले, तर सुगराबी म्हणाली, "दीपमाला, मंजुळा माह्यावर रुसली काय? येत काऊन नाही?"

माझा हात तिच्या हातात तसाच राहिला. सासूबाई तर रोज दुपारी घरातून निघत होत्या.

दुकानाबाहेर येऊन पाहिलं. रस्त्याच्या आमच्या बाजूला, एका बंद दुकानाच्या पायरीवर त्या बसल्या होत्या, सुगराबीच्या दुकानाकडे बघत. मी जवळ गेले तशा चोरी पकडल्यासारख्या उठल्या.

"अर्ध्यात जातो तवा गाड्या सुटतात वो. हॉर्न वाजवतात. मी हात जोडून सांगतलं त्याहिले, बापू, सिग्नल बराबर हाय, माह्या लेकानं लावला. मीच हळू चालतो."

संध्याकाळी हे जीवनला सांगितलं. तो म्हणाला, "मले माहीत होतं, दीपमाला. तिले दम लागला, तवाच माहीत होतं." मलाही माहीत होतं. कोण कोणाला बोलणार?

दुसऱ्या दिवशी गाड्या थोपवायला ट्रॅफिक पोलिसाला उभं करून त्याने पुन्हा वेळ मोजायला घेतला. सासूबाईंनी पहिल्याच पावलाला पदर खोचला.

"आई, रोजच्यासारखी चाल ना!"

"तू पाहून राह्यला की पाय आपोआप पळतात रे," त्या ओशाळून म्हणाल्या.

मग आम्ही दोघं रस्त्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. सासूबाई पोचल्या की सुगराबी हाक मारणार होती. मागे चपला वाजायला लागल्या. वाजत राहिल्या. मध्ये थांबल्या, पुन्हा वाजल्या. गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, तरी त्या चपला वाजतच होत्या. एवढा रस्ता आम्ही त्यांना पळत ओलांडायला लावला होता.

"आली रे बाबा, आली!" पलीकडून सुगराबीची हाक आली.

वळून बघायचा धीर आम्हा दोघांनाही होईना.