बसायचा कॉम्प्युटर

बसण्याचे दोन प्रकार असतात. एक कामाचं बसणं आणि दुसरं नुसतं बसणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे कुठलं कोणतं हे बघणाऱ्याने ठरवायचं असतं. चार नंबरांच्या बाबतीत घरच्यांनी ते निवृत्तीच्या दुसऱ्याच सकाळी ठरवून टाकलं.

चार नंबर हे अर्थात त्यांचं कागदोपत्री नाव नव्हे. बस स्थानकावरची आगाऊ आरक्षणाची चार नंबरची खिडकी त्यांनी इतकी वर्षं सांभाळली, की लोक माणसाला आणि खिडकीला एकाच नावाने ओळखू लागले. त्या खिडकीत ते बसून असत. समोर रांग असे, आणि रांगेतला कितीही मोठा माणूस काचेच्या अर्धगोल भोकाशी वाकून नरम आवाजात बोले. उभ्या नोकरीत कोणी त्यांना 'बसलाच आहात तर' असं म्हटलं नव्हतं.

घरी मात्र हे तीन शब्द हात धुऊन त्यांच्या मागे लागले. "बाबा, बसलाच आहात तर जरा दुधाकडे बघा," हे सुनेचं. "बाबा, बसलाच आहात तर प्लंबर येईल, त्याला टाकी दाखवा," हे मुलाचं. "अहो, बसलाच आहात तर हे मटार सोला," हे बायकोचं. हातात पेपर असला तरी फरक पडत नसे, आणि फोन असला तर गुन्हा उलट वाढे. एकदा त्यांनी आरामखुर्चीत झोपेचं सोंग घेऊन पाहिलं. सुनेने धुतलेल्या मोज्यांचा ढीग त्यांच्या पोटावर ठेवला आणि "उठलात की जोड्या लावा," असं त्या झोपलेल्या माणसाला सांगून गेली.

सून घरूनच नोकरी करायची. तिच्या खोलीचं दार उघडं असे, ती कॉम्प्युटरसमोर बसलेली सगळ्यांना दिसे, तरी तिला हाक मारायची कोणाची छाती नव्हती. तिचा नवरा, म्हणजे चार नंबरांचा मुलगा, त्या दारावरून चवड्यांवर चालत जायचा. एकदा चार नंबर चष्मा शोधत आत शिरले, तर सून कॉम्प्युटरवर सोफ्याच्या उशांचे अभ्रे बघत होती. निळे की राखाडी, एवढंच काय ते उरलं होतं.

"एक मिनिट हं बाबा, कामात आहे," ती म्हणाली.

चार नंबर चवड्यांवर बाहेर आले, आणि चष्म्याशिवायही त्यांना सगळं स्वच्छ दिसलं.

"मला कॉम्प्युटर घ्यायचाय," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

"कशाला?" मुलाने विचारलं. "तुमच्याकडे फोन आहे की."

"फोनवर माणूस बसलेला दिसतो."

मुलाला काही कळलं नाही. बायकोने मात्र वाढता वाढता एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग न मागता त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली, की बायकोचा भाऊ आपोआप उगवे. हा मेहुणा पंखे विकायचा आणि बाकी सर्व विषयांवर सल्ला द्यायचा. पंख्यांचे पैसे पडत.

"भाऊजी, घ्यायचाच तर चांगला घ्या," तो सोफ्यावर ऐसपैस बसत म्हणाला. "स्क्रीनमध्येच सगळं असतं असा येतो. एवढासा पातळ. आवाज म्हणाल तर शून्य. बटण दाबलं की चालू. चालू आहे हे शेजारच्यालासुद्धा कळत नाही."

"कळत नाही?" चार नंबरांचा चेहरा पडला.

"अजिबात नाही. आणि वजनाला इतका हलका, की उचलून कुठेही न्या. बाल्कनीत बसा, स्वयंपाकघरात बसा."

स्वयंपाकघर म्हटल्यावर चार नंबरांना मटार दिसू लागले. "बघू," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मेहुणा न्यायला यायच्या आत एकटेच घराबाहेर पडले. मेहुण्याच्या हातात हा व्यवहार गेला, तर पैसेही जाणार आणि उरलेलं आयुष्य मोज्यांच्या जोड्या लावण्यात जाणार, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

दुकान एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर होतं. 'पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी, परवडणारे' अशी पाटी होती. नवे स्वस्त कॉम्प्युटर एका बाजूला, आणि कचेऱ्यांनी वापरून काढलेले, पुसून-दुरुस्त करून ठेवलेले दुसऱ्या बाजूला. दुकानदार चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, काउंटरवरच्या भल्यामोठ्या मॉनिटरमागे डोळ्यांपर्यंत बुडालेला.

"बोला काका. काय काय करायचंय कॉम्प्युटरवर? त्यावर ठरतं कुठला घ्यायचा ते."

प्रश्न सरळ होता. चार नंबरांनी इकडे तिकडे पाहिलं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

"बसायचंय," ते म्हणाले.

दुकानदाराने माऊस सोडला. तो हसला नाही. उठून त्याने जिन्याकडचं दार लोटून घेतलं आणि चार नंबरांना स्टूल दिलं. मुरलेला डॉक्टर नाजूक दुखण्याच्या वेळी जसा बोलतो, तशा आवाजात त्याने विचारलं, "घरात किती माणसं?"

"चार. मेहुणा जाऊन येऊन."

"मग हा बघा." त्याने वापरलेल्यांच्या रांगेतला एक काळा, चांगला ऐसपैस डबा पुढे ओढला. "आता स्वस्तातला आहे, तर खोटं सांगत नाही. सुरू व्हायला वेळ घेतो."

"किती?"

"तुमचा चहा पिऊन होतो."

"तेवढ्यात कोणी हाक मारली तर 'सुरू होतोय' म्हणता येईल?"

"म्हणायचंच. खरंच आहे ते." दुकानदाराने डब्यावर प्रेमाने थाप मारली. "पंखा थोडा घरघरतो."

"बाहेरच्या खोलीत ऐकू येईल?"

"जिन्यापर्यंत येईल. कीबोर्डही स्वस्तातला, त्यामुळे जरा खडखडाट करतो. महागाचे बिचारे मुके असतात."

"हा खडखडणाराच द्या. आणि मॉनिटर?"

"उंच स्टँडचा, जाड पाठीचा आहे एक. टेबल भिंतीला लावू नका. पाठ दाराकडे करा. येणाऱ्याला तुमचं फक्त कपाळ दिसलं पाहिजे."

चार नंबरांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं, म्हणजे निवृत्तीच्या आधीच्या घरी. निघताना त्यांनी काउंटरवरच्या मॉनिटरकडे बोट दाखवलं. "तुमचा काय करतो?"

"हा? हा गेल्या वर्षीच बंद पडलाय," दुकानदार म्हणाला. "पण वडील रोज दुपारी दुकानात येतात."

कॉम्प्युटर घरी आला. मुलाने तारा जोडल्या, सुनेने इंटरनेट लावून दिलं आणि ते कुठे टिचकी मारली की उघडतं तेही दाखवलं. मेहुणा मुद्दाम बघायला आला, पंख्याची घरघर ऐकून त्याने कानात बोटं घातली आणि "भाऊजी, फसवलं तुम्हाला," असं मनापासून हळहळून म्हणाला. चार नंबरांनी तोंड पाडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मॉनिटरमागे बसले. डबा घरघरला. यथावकाश स्क्रीनवर एक डोंगर आला, पायथ्याशी तळं असलेला. चार नंबर त्या डोंगराकडे बघत बसले आणि एका बोटाने कीबोर्डवरचं सगळ्यात लांब बटण वाजवू लागले. खट. खट. खट.

"बाबा, बसलाच आ..." मुलगा दारात आला, मॉनिटरची जाड पाठ आणि वरचं आठ्या पडलेलं कपाळ पाहून थबकला. "कामात आहात? असू दे, असू दे." आणि तो चवड्यांवर परत गेला.

तो आठवडा फार सुखाचा गेला. प्लंबरला टाकी मुलाने दाखवली. मोज्यांनी आपापल्या जोड्या कशा लावल्या कोण जाणे. चार नंबरांना डोंगराची सवय झाली. डाव्या बाजूला एक पांढरं ठिपक्याएवढं काहीतरी होतं, ते घर की बकरी यावर त्यांनी दोन सकाळी घालवल्या आणि शेवटी बकरीच्या बाजूने निकाल दिला. सूनही आता त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलायची. "आज फार लोड आहे का बाबा?" ती विचारायची. "आहे जरा," ते म्हणायचे.

आणि मग शेजारच्या मावशी आल्या.

त्या सरळ मॉनिटरसमोर येऊन उभ्या राहिल्या, हातात पिशवी, आणि अगदी रांगेतल्यासारख्या जरा वाकून म्हणाल्या, "भाऊ, लेकीकडे जायचंय. शुक्रवारचं तिकीट मिळेल का? तुमच्या कॉम्प्युटरवर काढून मिळतं म्हणे."

चार नंबरांचं बोट लांब बटणावरच राहिलं. आठवडाभर त्यांनी डोंगराच्या पलीकडे काही उघडलं नव्हतं. बाहेर मुलगा होता, सून होती. मावशी हात हलवत परत गेल्या असत्या, तर उद्या सकाळी मटारची टोपली थेट कीबोर्डवर आली असती.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्याच हिने."

म्हणजे बायकोने. आता मागे फिरायला वाट नव्हती. चार नंबरांनी घसा साफ केला. "बोला. कुठे, किती वाजता, किती जणं?" हे तोंडातून आपोआप आलं आणि त्यांनाच बरं वाटलं.

सुनेने दाखवलेल्या जागी त्यांनी टिचकी मारली. डोंगर गेला. एकेक अक्षर कीबोर्डवर शोधत, पंख्याला घरघरायला भरपूर वेळ देत, त्यांनी बस कंपनीचं पान काढलं. गावाचं नाव दोनदा चुकलं. मावशी शांत उभ्या होत्या. त्यांना वाटलं, अवघड काम असणार. तिसऱ्यांदा पान हललं, आणि स्क्रीनवर एक चित्र आलं.

बसचं चित्र. वरून बघितलेली बस. दोन-दोन खुर्च्यांचे चौकोन, मध्ये वाट, गेलेल्या जागा रंगवलेल्या. चार नंबरांनी जन्मभर पेन्सिलीने फुल्या मारल्या तो हाच तक्ता. फक्त खोडरबराचे डाग नव्हते.

"चौदा नंबर रिकामा आहे," मावशी मॉनिटरला वळसा घालून डोकावत म्हणाल्या.

"तो नको. खाली चाक येतं, पाय दुमडून बसावं लागेल. नऊ घ्या. आणि परतीला उजवी बाजू, नाहीतर दुपारचं ऊन सगळं अंगावर."

मावशींच्या फोनवरून पैसे गेले, फोनवरच तिकीट आलं. फाडून द्यायला काही नव्हतं, तेवढंच चार नंबरांना चुकल्यासारखं वाटलं. "सुटे नसते तरी चाललं असतं," ते मोठ्या मनाने म्हणाले. मावशी हसऱ्या तोंडाने गेल्या आणि संध्याकाळपर्यंत आणखी तिघांना घेऊन आल्या.

पुढच्या दिवसांत दारात चपला दिसू लागल्या. लोक पॅसेजमध्ये भिंतीला धरून उभे राहत, एकमेकांना "मी आधी आलोय" म्हणत. चार नंबरांनी नोकरी सोडताना आणलेली 'खिडकी बंद आहे' ही पत्र्याची पाटी माळ्यावरून काढली आणि मॉनिटरच्या पाठीवर अडकवायला सुरुवात केली. जेवायच्या वेळी ती लागे, आणि लोक खरोखरच निघून जात. मेहुण्यालाही एकदा रांगेत उभं राहावं लागलं. त्याचा नंबर आला आणि पाटी लागली.

त्याच दुपारी, घर जरा शांत असताना, बायको हात पुसत आत आली. चार नंबर डोंगर लावून बसले होते.

"मावशींना तू पाठवलंस," ते म्हणाले.

"मग काय करणार? आठवडाभर एकच बटण वाजतंय, सगळं ऐकू येत होतं मला. लिहिणारा माणूस मध्ये थांबतो, विचार करतो, खोडतो. तुमचं आपलं नळ गळल्यासारखं." ती टेबलाला टेकली. "आज ना उद्या त्या दोघांच्याही लक्षात आलं असतं. मग तुम्ही पुन्हा स्वयंपाकघरात येऊन 'आज भाजी काय' विचारत बसला असता."

"मी मदत करायचो."

"चार शेंगा सोलायचात आणि दोन खायचात."

घरातली इतकी मोठी कारस्थानी बाई आपल्याच बाजूची आहे, या विचाराने चार नंबरांचं कपाळ गुळगुळीत झालं.

"मला एक जागा हवी होती," बायको म्हणाली.

"कुठली गाडी?"

"गाडी नको. नुसती जागा. चार वाजेपर्यंत."

त्यांनी भिंतीकडची खुर्ची ओढून आपल्या शेजारी लावली. ती बसली, पाय लांब केले आणि डोंगराकडे बघू लागली. "डावीकडे ते पांढरं काय आहे?"

"बकरी."

"घर आहे ते."

"बकरीच आहे. मी अभ्यास केलाय."

बाहेर पावलं वाजली. "आई," सुनेची हाक आली, "मोकळी असलीस तर जरा..."

बायकोने एक बोट पुढे केलं आणि लांब बटण वाजवलं. खट खट. मग थांबली, जरा विचार केल्यासारखं केलं, पुन्हा एकदा खट.

दारातली पावलं थबकली, आणि चवड्यांवर परत गेली.