बिनआवाजाचं कनेक्शन

चातुर्मासात सकाळी उठल्यापासून दुपारचा नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. सासूबाईंनी लावून दिलेला नेम आहे आणि मला तो गोड लागतो. पण दोन हजार सहा साली त्या नेमाच्या वाटेत आमची नात येऊन उभी राहिली.

मुलगी मधुवंती तेव्हा अमेरिकेत, कॅलिफोर्नियाला. तिची वल्लरी साडेतीन वर्षांची. तिकडे वल्लरीची झोपायची वेळ होते तेव्हा इथे आमच्या बालाघाटात सकाळचे आठ वाजतात. मधुवंतीला मोकळा वेळ काय तो तेवढाच. फोन आला की मी रिसीव्हर कानाला लावून नुसती ऐकत बसायची. पलीकडून वल्लरी "आजी?" म्हणायची, थोडं थांबायची, आणि आईला सांगायची, "इथे कोणीच नाहीये."

ते "कोणीच नाहीये" दिवसभर माझ्याबरोबर घरात फिरायचं.

"नातीशी दोन शब्द बोललीस तर देव काय रागावणार आहे?" हे म्हणाले.

दुपारी, तोंड मोकळं झाल्यावर, मी उत्तर दिलं. "देव नाही हो रागावणार. पण मग उद्या मी नेम करते असं कोणत्या तोंडानं म्हणू?"

यावर यांनी कॉम्प्युटर घेतला, त्यावर बसवायला छोटा कॅमेरा घेतला. आता प्रश्न राहिला इंटरनेट कोणाचं घ्यायचं. हे मलाजखंडला खाणीच्या स्टोअरमध्ये उभी हयात काढलेले. माल तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही हा यांचा धर्म. म्हणाले, दोन्ही लावून बघू. टेलिफोनच्या तारेवरचं आणि भोजराजचं, केबलचं.

टेलिफोनचं आधी लागलं. आवाज असा स्वच्छ, की मधुवंतीच्या घरातली कुकरची शिट्टीही ऐकू आली. चित्र मात्र गोठून बसलं. वल्लरी तोंड उघडं ठेवून तशीच. तिच्याकडे मीही अर्धे डोळे मिटलेली अडकले असणार.

"वल्लू, बघ, आजी इथेच आहे. हसते आहे तुला," हे माझ्या वाटचं बोलत होते.

"आजी झोपली," वल्लरी म्हणाली. ती उठून गेल्याचा, पावलांचाही आवाज स्वच्छ आला.

"आवाज बाकी फर्स्ट क्लास," हे म्हणाले. मी देवघरात गेले.

मग भोजराज आला. हा आमच्या गल्लीचा केबलवाला. लोकांच्या गच्च्यांवरून तार ओढत आणली, कॉम्प्युटरशेजारी एक काळा डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता वल्लरी दिसली. हलणारी, नाक पुसणारी, खुर्चीवर उलटी बसणारी. पण आवाजाच्या जागी नुसती खरखर.

"भोजराज, अरे आवाज कुठं आहे?"

"काकाजी, फोटो तं पाहा ना कसा पयते, नुसता धावते! आवाजाचं मी पाहून राह्यलो."

"कधीपासून पाहून राह्यला?"

"तुम्ही हॅलो जरा जोरात म्हना ना."

हे हॅलो हॅलो ओरडत होते. मी बाजूला पाटावर बसून वाती वळत होते. वल्लरीचा कंटाळलेला चेहरा बघवेना, म्हणून उठले आणि तशीच, कापूस हातात घेऊन, यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. काय करावं ते सुचेना. वात वळत राहिले.

वल्लरी थांबली. जवळ आली. मी वळलेली वात कॅमेऱ्यासमोर धरली. ती पळत गेली नि एक कापडी ससा घेऊन आली. त्याच्या फाटक्या पोटातून तिनं कापूस ओढला आणि तळहातावर चोळायला लागली. मी हळू चोळून दाखवलं. तिनं हळू चोळलं. मी फुंकर मारली. तिनं मारली, कापूस उडाला. ती हसली तेव्हा तिचे पुढचे दात किती मोठे झालेत ते मला दिसलं.

हे हॅलो म्हणायचं विसरले होते.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच भोजराज आला तेव्हा यांनी निकाल देऊन टाकला. "घेऊन जा बाबा तुझा डबा. आवाजाशिवाय काय कामाचं?"

"हौ, तुमची मर्जी," म्हणत भोजराजनं तारेला हात घातला.

माझी पूजा चालली होती. तोंड बंद. मी तबक घेऊन बाहेर आले. डब्याला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, एक जास्वंद ठेवली आणि नमस्कार केला.

भोजराजनं हात मागे घेतला, चप्पल काढली. "काकाजी, आता मी काहून काढू? पुजलेली वस्तू आहे."

"ही बोलत असती तर वाद तरी घातला असता," हे म्हणाले, आणि आतल्या आत हसत आठचं भेटणं आटोपलं की टेलिफोनवाल्यांना नको सांगायला निघायचं म्हणून शर्ट घालायला गेले.

बरोबर आठला पडदा उजळला. वल्लरी आधीच बसली होती, मांडीवर वाटीभर कापूस. मागे मधुवंती काहीतरी बोलत होती.

"हॅलो, वल्लू," यांनी सुरुवात केली.

वल्लरीनं ओठांवर बोट ठेवलं. आधी आईकडे वळून, मग आमच्याकडे बघून, यांच्यासाठी.

यांनी माझ्या हातातला थोडा कापूस काढून घेतला.