दाखल्यावरचं दुसरं नाव

सिनोपे बंदरात मासे खारवणाऱ्या थेओनासने आयुष्यात एकदाच शहाणपणा केला आणि तोच त्याच्या अंगाशी आला. रोमच्या सम्राटाचा हुकूम सुटला होता. प्रत्येकाने देवळापुढे धूप टाकायचा, बळीचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा. दाखला नाही तर धक्क्यावर काम नाही. थेओनास ख्रिस्ती होता आणि ख्रिस्त्यांना हे वर्ज्य, पण त्याने डोळे मिटून चिमूटभर धूप टाकला आणि मांसाचा तुकडा गिळला. कारकुनाने विचारलं, "घरात आणखी कोण?" हा शहाणा म्हणाला, "आई, अम्मिया. सकाळीच येऊन गेली ती. तिचंही लिहा." अम्मिया दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. पण कारकुनाला कुठे बघायला जायचं होतं!

आईला त्याने सांगितलं, दाखला मागायला आपल्या दारी कुणी फिरकलंच नाही. म्हातारी हरखली. "प्रभूने आपलं घर राखलं बघा," असं येईल-जाईल त्याला सांगू लागली. ऐकणारे खाली बघायचे, कारण दाखले घेतलेल्यांची यादी जकातघराच्या भिंतीवर लागली होती आणि तीत तिचंही नाव होतं. रविवारच्या प्रार्थनेनंतर आजाऱ्यांकडे जाणारा पवित्र पाव तिच्या घरी यायचा बंद झाला. थेओनासला कारण ठाऊक होतं. तरी हा मूग गिळून गप्प.

मग एका सकाळी अम्मियाला धाप लागली. "पाव आणव रे," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय मला पाठवू नकोस."

थेओनास धावत दियोतिमोसकडे गेला. दियोतिमोस शिडं शिवायचा आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीचा वडीलही तोच होता.

"बाबा, आई चालली हो. पाव घेऊन चला."

"भिंतीवर नाव आहे तिचं."

"अहो, तिला उंबऱ्यापर्यंत जाववत नाही, देवळात कुठली जाते!"

"ते मला ठाऊक आहे. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण तू बोलला नाहीस ना! आता चौघांसमोर बोल. तिच्यासमोर बोल."

"तिच्यासमोर नको, बाबा. जाता जाता तिला हे कशाला?"

"मग राहू दे तिचं नाव तिथेच," म्हणत दियोतिमोसने पुन्हा सुई उचलली.

थेओनासने मान तुकवली. तासाभरात शेजारचे चौघे खाटेभोवती जमले आणि त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं.

अम्मिया त्याच्याकडे बघत राहिली. "मला विचारलं नाहीस?"

"नाही, आई."

"मी नको म्हटलं असतं म्हणून?"

त्याने मान डोलावली.

दियोतिमोसने पावावरचं फडकं काढलं आणि दाराकडे बोट केलं. धूप टाकलेल्याने पाव वाटताना आत थांबायचं नाही, हा मंडळीचा नियम. थेओनास बाहेर आला. मागे दार लागलं.

भर दुपार होती. रांजणांनी भरलेली गाडी समोरून गेली. "काय रे, आईने पण हाकललं वाटतं?" गाडीवाला हसला. थेओनासला त्याचा गळा धरावासा वाटला. पण आतून आईचा आवाज आला.

"थेओ कुठाय?"

"बाहेर आहे," कुणीतरी म्हणालं.

"आत बोलवा त्याला."

"प्रार्थना होऊ दे, अम्मिया," दियोतिमोस म्हणाला.

दियोतिमोसने कधी कुणासाठी प्रार्थना आवरती घेतली नव्हती. थेओनासने कडीवर हात ठेवला. घर त्याचं, दार त्याचं. पण आत पाऊल टाकलं आणि तेवढ्यावरून तिच्या तोंडचा पाव मागे घेतला तर? सगळा जन्म भिण्यात गेलेला तो माणूस तिथेही भ्याला.

"थेओ," पुन्हा हाक आली, अगदी बारीक. त्याने कपाळ दाराला टेकवलं आणि तो उभाच राहिला.

बऱ्याच वेळाने आमेन झालं. दार उघडलं.

"पाव मिळाला तिला," दियोतिमोस म्हणाला. "ये आता."

अम्मियाची मान दाराकडे वळलेली होती आणि शेजारीण तिचे डोळे मिटत होती.