दोन चौकोन रुंद पाट

हर्षाने लॅपटॉपवरचे दोन वर्षांपूर्वीचे उपग्रहचित्र मोठे करत नेले, चौकोन सुटे दिसू लागेपर्यंत. एक चौकोन म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. पाळी गावच्या त्या उतारावर हिरव्या-तपकिरी चौकोनांमधून एक काळपट रेघ तिरकी खाली येत होती. ती सगळीकडे दोन चौकोन रुंद होती. कुठे तीन नाही, कुठे एक नाही. पाणी इतक्या शिस्तीने जाते ते कुणीतरी हातांनी वाट खणून दिलेली असते म्हणून.

लॅपटॉप तिने कमलाक्षीच्या घराच्या सोप्यावर ठेवला होता. तिचा वरिष्ठ देवेश अंगणाच्या कडेला उभा राहून शेताच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश वहीत टिपत होता. सोमवारी सुनावणी होती. उतारावरच्या टेकडीवर खाणीची टाकाऊ माती टाकायला परवानगी मिळाली होती ती या दोघांच्या कंपनीच्या अहवालावरून. उताराखाली वाहते पाणी नाही, असे त्यात म्हटले होते. यंदा ती माती उतरून तिथला पाण्याचा पाट बुजला आणि वायंगणाचे, म्हणजे उन्हाळी भात लावायला वाड्यावरच्या घरांना पाणी उरले नाही. तक्रारीवर पहिली सही कमलाक्षीची होती.

अहवालासाठी तीनशे चित्रे वाचायची होती, एकेक दोन गिगाबाइटचे. हर्षाचा प्रोग्रॅम जावा भाषेतला. अख्खे चित्र एकदम उचलायला गेला की तो कोलमडे. म्हणून तिने त्याला सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जोडली. ती फायलीतून हवा तेवढाच तुकडा काढून देई. तरी नऊ तास लागत. मग हर्षाने तोच तुकडा लायब्ररीकडे आठपट लहान करून मागितला. लायब्ररीने सांगितले तेच केले. दर आठ चौकोनांतला एक घेतला, बाकीचे सोडले. नऊ तासांची अकरा मिनिटे झाली, आणि त्या संध्याकाळी देवेशने ऑफिसात सगळ्यांना पॅटीस मागवले.

दोन चौकोनांच्या रेघेचे मात्र तुटक ठिपके उरले. पुढच्या पायरीत प्रोग्रॅमने ते धूळ समजून पुसून टाकले.

हे तिच्या लक्षात आले ते मार्चमध्ये, दुसरेच काही तपासताना. टेकडीवर माती टाकायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. तिने एक ओळ बदलली आणि देवेशला सांगितले.

"पुढच्या अहवालापासून बरोबर येईल ना?" त्याने विचारले होते.

"हो."

"मग झालं तर."

त्यानंतर तिने परवानगी देणाऱ्यांना चूक कळवणारे पत्र तीनदा लिहायला घेतले. तिन्ही पत्रे अर्धवट, अजून लॅपटॉपमध्येच होती.

कमलाक्षी चहा घेऊन बाहेर आली. साठीची, काटक बाई. कप ठेवून ती स्क्रीनकडे न बघता हर्षाकडेच बघत राहिली.

"बाय, तुमी ज्या फोटोवयल्यान लिहिलें, तो खंयच्या म्हयन्यांत काडिल्लो?"

"डिसेंबरात. दोन वर्षांपूर्वी."

कमलाक्षीने बोटांवर काहीतरी मोजले आणि ती पायरीवर बसली.

"मग तें म्हजेंच."

"काय तुमचं?"

"पाट साफ करपाचो वांटो दर वर्सा एका घराचो. तें वर्स आमचें. पूण म्हजी चली मांद्रें गांवांत बाळंत जाल्ली, दोन म्हयने हांव थंय. पाट तसोच उरलो. तणांत वयल्यान कितें दिसतलें?" ती थोडी हसली. "वाड्यार म्हणटात, कमलाक्षीन नातवाक न्हाणयलें आनी आमकां सुकयलें."

हर्षाने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"सोमारा हांव येतां," कमलाक्षी म्हणाली. "सगळ्यां मुखार सांगतां, चूक म्हजी. तक्रार फाटीं घेतां. दुसऱ्यांक कित्याक दोश दिवप?"

देवेश वही मिटून जवळ आला. त्याचा आवाज मऊ होता.

"मावशी, मनाला लावून घेऊ नका. होतं असं कधी कधी. तक्रार मागे घेणार असाल तर आत्ताच दोन ओळी लिहून द्या. सोमवारी तुम्हाला हेलपाटा नको."

त्याने वहीतले एक कोरे पान जपून फाडले आणि पेनासकट तिच्यापुढे धरले.

"म्हाका लिहूंक येना बरेंशें," कमलाक्षी म्हणाली आणि हर्षाकडे वळली. "बाय, तूंच बरय गो. हांव सही करतां."

पान हर्षाच्या हातात आले. कमलाक्षी पदराला हात पुसून सहीसाठी वाट बघत होती. तिच्या नखांच्या कडांना लाल माती होती; सकाळी ती बुजलेला पाट एकटीच उपसून आली असावी. हर्षा डिचोलीची, घरी हीच बोली. ऑफिसातल्या माणसांसमोर ती मराठीच बोलत असे. तिने पान दोनदा दुमडले आणि ती कमलाक्षीच्या शेजारी पायरीवर बसली.

"मावशे, पाट फोटोंत आशिल्लो. तणांतल्यानूय दिसतालो. म्हज्या प्रोग्रॅमान तो सोडलो. म्हाका मार्चासावन खबर आसा."

"हर्षा," देवेश म्हणाला.

"तक्रार फाटीं घेवं नाका," ती कमलाक्षीलाच म्हणाली. "सोमारा हांव थंय हेंच सांगतलें."