बुवांच्या पायातला वारा

मित्रांनो, जगातल्या सगळ्या वाद्यांचा राजा मीच. सध्या राजेसाहेबांच्या डोक्यावर सतरंज्यांचा ढीग आहे आणि पोटात उंदरिणीचं बाळंतपण चालू आहे.

कर्जतमधल्या एका छोट्या चर्चचा मी जुना ऑर्गन. साहेबांच्या काळात विलायतेहून बोटीनं आलो. नळ्यांतून वारा गेला की मी गातो. पण वारा आपोआप जात नाही. माझ्या पाठीमागे पडद्याआड एक दांडा आहे. तो वरखाली केला की भाता भरतो. हे काम लडकूचं. दांडा हाणता हाणता तो बिडी ओढायचा आणि टाळ्या नेहमी पुढे बसणाऱ्या मडमेलाच मिळतात म्हणून तिथूनच कुरकुरायचा. मडम मात्र वाजवायची सुरेख. नेरळहूनसुद्धा माणसं ऐकायला यायची.

साठ सालच्या सुमारास मडम कायमची पुण्याला गेली. चर्चच्या मंडळाचे सेक्रेटरी शांतवन मास्तर यांनी नाताळच्या कार्यक्रमाला नेरळच्या नाटकमंडळीतले नामाबुवा आणले. ते ऑर्गन वाजवतात एवढं मास्तरांना पुरलं. आता नाटकातला ऑर्गन म्हणजे माझा चुलत नातू. त्यात पायानं वारा भरतात. माझ्या पायाखालच्या पट्ट्या मात्र सुरांच्या, त्याही खर्जाच्या. बुवांनी बसल्या बसल्या दोन्ही पाय सुरू केले. वर नांदी आणि खाली खर्जात रेडा हंबरतोय. वाऱ्याची मागणी वाढली असं समजून लडकूनं दांड्याचा वेग दुप्पट केला. शेवटी तो पडद्याबाहेर आला.

"बुवा, वारा मी देतो हाय. तुमी पाय कशाला हाणता?"

"ऑर्गनला पाय मारायचेच असतात. तू कधी नाटकात होतास का रं?"

"नाय. पण तुमी आता चर्चमधी हाय."

मास्तरांनी विचार केला आणि दोष माझा ठरवला. सुताराकडून माझ्या पायपट्ट्या कापून घेतल्या आणि त्यांची दाराशी चपला ठेवायची फळी केली. मित्रांनो, माझा अर्धा आवाज आज तुमच्या चपलांखाली आहे. पाय पुसून ठेवत असाल अशी आशा.

पुढच्या नाताळात बुवांचे पाय सवयीनं नुसत्या फरशीवर चालले. पडद्याआड लडकू दांडा हाणत होताच. वाजवलं मात्र छान, खोटं का बोलू? भाषणात मास्तर म्हणाले, "बुवांच्या पायातच वारा आहे." टाळ्या पडल्या. तिथंच थांबायचं ना? पण मास्तरांचा स्वतःच्या भाषणावर विश्वास बसला. लडकूला त्यांनी सांगितलं, आता तुझी गरज नाही, बुवा भरतात.

तिसऱ्या वर्षी चर्च भरलं. बुवांनी पाय सुरू केले, बोटं टेकवली. चूं नाही. कुणी म्हणालं, जरा जोरात मारा. बुवा घामाघूम झाले. मास्तर खिडकीशी धावले. लडकू बाहेर आवारात आंब्याखाली बिडी ओढत बसला होता.

"येतो," तो म्हणाला. "पण आदी सगळ्यांसमोर सांगा, वारा कुणाचा हाय?"

तसं सांगायचं तर गेल्या वर्षीचं भाषण मागे घ्यावं लागलं असतं. मास्तर वळले आणि लोकांना म्हणाले, "ऑर्गन वारला."

मी जिवंत उभा होतो हो! मला फक्त वारा हवा होता. तेव्हापासून माझ्यावर सतरंज्या आहेत. राग मला मास्तरांचा आहे, बुवांचा आहे आणि लडकूचाही आहे. आधी दांडा हाणायचा, मग भांडायचं. वर कहर म्हणजे पुढे कुठल्याशा लग्नात मास्तर आणि लडकूचं पुन्हा जमलं. आता ऐंशी साल उजाडलं तरी दोघं म्हातारे माझ्याच पाठीला टेकून चहा पितात आणि भाताच्या पिकावर बोलतात. माझा विषय निघत नाही.

मित्रांनो, तुमच्या मानापमानात मुक्या वस्तूला उपाशी ठेवू नका, एवढंच माझं सांगणं. मला सत्कार नको, पायपट्ट्याही राहू द्या. फक्त माझ्या मोठ्या नळीत एक बेडूक शिरला आहे, तेवढा बाहेर काढा. परवा तो ओरडला, तर मास्तर लडकूला म्हणाले, "काही म्हण, सूर अजून पक्का आहे."