आधी दूध, मग चहा

दुपारचे अडीच वाजले तेव्हा सिड ट्रँटरने सातवी किटली भरून आणली आणि टेबलावर अशी आदळली की एनिड टॅपलोच्या मांडीवरचे कागद हलले.

"घ्या! सातवी," सिड म्हणाला. सेटवरच्या सामानसुमानाची जबाबदारी त्याची. "रेशनचा चहा आहे हा, मिस. माझी बायको तीच ती पत्ती वाळवून तीन-तीनदा उकळते, आणि इथं मी तो मोरीत ओततोय. जळक्या साखरेचं पाणी केलं असतं तर काय बिघडलं असतं? पडद्यावर काळं ते काळंच दिसणार ना?"

"मला नको सांगूस, सिड. त्यांना सांग."

'त्या' म्हणजे कॉन्स्टन्स व्हेरिंग, सिनेमाच्या नायिका. खऱ्या चहाची खरी वाफ तोंडावर आल्याशिवाय आपल्याला खरं रडू येत नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. आता वाफही खरी होती, चहाही खरा होता. रडू मात्र सहा वेळा आलं नव्हतं, आणि सातव्या वेळी आलं तेव्हा दिग्दर्शक स्टॅनिंगसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"कॉनी, राणी, अश्रू डाव्या डोळ्यातून आला गं. कॅमेरा उजवीकडे आहे."

"मग कॅमेरा हलवा, ऑब्री. माझे डोळे आहेत ते, नळ नाहीत."

एनिडने हातातलं घड्याळ थांबवलं, जांभळ्या पेन्सिलीचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि लिहिलं : सातवा, एक मिनिट बारा सेकंद, अश्रू डावा.

सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी बनतो. सोमवारी माणूस दाराला हात लावतो आणि त्या दारातून आत येतो तो गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत त्याचा टाय बदलू नये, सिगारेट लांब होऊ नये, म्हणून कॅमेऱ्याशेजारी स्टूल टाकून एक बाई सगळं टिपत बसते. बावीस वर्षं ती बाई एनिड होती. तिच्या कागदांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मात्र ती तापाने घरी असताना एक इन्स्पेक्टर टोपी घालून दारातून गेला आणि पलीकडे बोडका निघाला. बदली आलेल्या मुलीची ती चूक, पण कागदावर नाव एनिडचं होतं. स्टुडिओचे मॅनेजर मिस्टर हॅस्केट तेव्हा म्हणाले होते, "मिस टॅपलो, पुढची चूक शेवटची. मग मला दुसरी कुणी बघावी लागेल."

त्या चुकीचं तिला आजही वाईट वाटत होतं. आपली नव्हती म्हणून जास्तच.

आज शेवटचा प्रसंग होता. समुद्रकाठच्या गावात भाडेकरू ठेवणारी मिसेस पेग ही विधवा. अकरा वर्षं तिच्याकडे राहणारा सभ्य, मितभाषी भाडेकरू खुनी आहे हे तिला कळलंय. आज त्याने दुधाच्या भांड्यात झोपेची पावडर कालवली आहे, हेही तिला कळलंय. 'मी आज बिनदुधाचाच घेईन' असं तो म्हणतो. ती काही न बोलता दोन कप भरते, दोन्हींत दूध घालते आणि एक त्याच्यापुढे सरकवते. एवढंच. यासाठी बाईंना रडायचं होतं, उजव्या डोळ्याने.

आठव्या वेळी वरून विमान गेलं. नवव्या वेळी एक दिवा फुरफुरला. दहाव्या वेळी बाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं, ओघळणार एवढ्यात साडेतीन झाले आणि चहाची गाडी खडखडत दारात आली. वरच्या फळ्यांवरचे दिवेवाले दिवे तसेच सोडून शिडीवरून खाली उतरू लागले. साडेतीनचा चहा युनियनने मिळवलेला होता. तो खुद्द राजवाड्यातून निरोप आला असता तरी लांबला नसता.

"अरे, त्या रडताहेत!" स्टॅनिंगसाहेब ओरडले.

"रडू दे की, साहेब," शिडीवरून आवाज आला. "आम्ही पंधरा मिनिटांत येतो."

सगळे चहा पीत उभे राहिले. एनिड भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायली.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत ती दरवर्षी काहीतरी सोडायची. गेल्या वर्षी जॅम सोडला होता. यंदा पाद्रीसाहेब म्हणाले, जे सुटणार नाही असं वाटतं तेच सोडावं, आणि एनिडच्या तोंडून 'चहा' असं निघून गेलं. आज बाविसावा दिवस. डोकं ठणकत होतं. रोज साडेतीनला हात आपसूक किटलीकडे जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. आणि आजच नेमक्या तिच्या नाकापासून तीन हातांवर किटल्यांवर किटल्या रिकाम्या होत होत्या! सकाळपासून ती मनात प्रार्थना म्हणत होती आणि कपाकडे बघायचं टाळत होती. बाईंचा चेहरा, गळ्यातला ब्रोच, केसांची बट, भाडेकरूची सिगारेट, सगळं बघत होती. कप सोडून.

बारावा टेक पाच वाजायला वीस मिनिटं असताना सुरू झाला. का कुणास ठाऊक, या वेळी सगळं जुळून आलं. बाईंचा चेहरा दगडासारखा शांत, हात संथ, आणि 'तुम्हीही दूध घ्या ना आज' म्हणताना उजव्या डोळ्यातून एकच अश्रू गालावर उतरला. वर फळीवर कुणीतरी नाक ओढलं. सिडचीसुद्धा पुटपुट थांबली.

कपात चहा कुठवर आला ते लिहायचं होतं म्हणून एनिडने या वेळी नाइलाजाने कपाकडे पाहिलं होतं. काळाभोर चहा. त्यावर पांढरं दूध पसरत गेलेलं.

दूध नंतर!

"कट! झालं! देवा, झालं एकदाचं!" स्टॅनिंगसाहेबांनी टोपी उडवली.

एनिडने मागचे कागद काढले. सिनेमात मिसेस पेग याआधी तीनदा चहा करते. तिन्हीदा तिच्याच अक्षरात लिहिलेलं : आधी दूध. लिहिणार नाही तर काय, शिकवलं तिनेच होतं. पहिल्या आठवड्यात बाईंनी विचारलं होतं, "एनिड, अगं, असल्या बायका चहा कसा ओततात गं?" एनिडच्या आईने स्कारबरोला, अशाच समुद्रकाठी, भाडेकरू ठेवूनच तिला वाढवलं होतं. ती असल्याच बाईची मुलगी. आधी दूध, मग चहा, म्हणजे स्वस्तातला कप तडकत नाही, असं तिने करून दाखवलं. बाई हसल्या होत्या. "आमच्याकडे असं करणाऱ्या मोलकरणीला आई स्वयंपाकघराबाहेर येऊ देत नसे!" आज खरं रडू आलं आणि बाईंचा हात शिकवलेलं विसरून आपल्या घरी परत गेला.

आणि बाराही वेळा तो तसाच गेला असणार.

गप्प बसता आलं असतं. उद्या सकाळी हा सेट मोडून इथे दुसऱ्या कुणाच्या सिनेमातलं जहाज उभं राहायचं होतं. उद्या हे चित्रण बघणारे साहेबलोक असे, की ज्यांनी जन्मात स्वतः कप भरला नसेल. हॅस्केट दारात घड्याळ बघत उभे होते. गप्प बसलं तर निदान आज काही होणार नव्हतं.

तिने हात वर केला. "मिस्टर स्टॅनिंग, त्यांनी चहा आधी ओतला."

"कशाच्या आधी?"

"दुधाच्या."

वरच्या फळीवरून दिवेवाले वाकून बघू लागले. मग सगळेच बोलू लागले.

"मी जन्मात कधी दूध आधी घातलं नाही!" बाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही, मॅडम. मिसेस पेग घालतात. तीनदा घातलंय."

"टॅपलो," स्टॅनिंगसाहेब दातांतल्या दातांत म्हणाले, "लोक तिचा चेहरा बघतील. चेहरा! कप कोण बघणार आहे?"

"माझी आई बघेल. स्कारबरोतली प्रत्येक घरमालकीण बघेल. आणि अख्खं थिएटर हसेल, नेमकं तुम्हाला रडायला हवं तेव्हा."

हॅस्केट पुढे आले. त्यांचा आवाज चढत नसे; म्हणूनच त्याची भीती वाटे. "बारा टेक झाले, मिस टॅपलो. हे पहिल्या टेकला का नाही दिसलं?"

एनिडचा चेहरा तापला. खोटं बोलायला जागा होती. दिवा फुरफुरला म्हणता आलं असतं, सिड मध्ये उभा होता म्हणता आलं असतं. सिड बिचारा ऐकूनही गप्प राहिला असता.

"मी कपाकडे बघत नव्हते. ईस्टरपर्यंत चहा सोडलाय मी. बघितलं की हवासा वाटतो."

वर फळीवर कुणीतरी फिसकन हसलं.

"यांनी देवासाठी चहा सोडला," स्टॅनिंगसाहेब छताकडे हात पसरून म्हणाले, "आणि बुडाला कोण? मी! अहो, देवाने माझा सिनेमा कुठे मागितला होता?"

साहेबांचं खरं होतं. देवाने चहा प्यायचा नाही एवढंच मागितलं होतं, आणि तेही तिनेच कबूल केलं म्हणून. डोळे फिरवणं ही तिची स्वतःची भर होती. बावीस दिवस ती मनातल्या मनात या व्रताची पाठ थोपटत होती, तीही स्वतःचीच भर.

"मी काही पुन्हा रडणार नाही," बाईंनी शाल ओढली. "पाचला गाडी आहे माझी. आज नाटकाचा प्रयोग आहे, तिथेही रडायचंय. माझ्यात काय विहीर आहे?" आणि त्या गेल्यासुद्धा.

दिवेवाले पाच वीसला दिवे बंद करणार होते. स्टॅनिंगसाहेब खुर्चीत कोसळले होते. एनिडने दुधाच्या भांड्याकडे पाहिलं. या वेळी नीट पाहिलं.

"मिस्टर स्टॅनिंग, दुधात पावडर आहे हे मिसेस पेगना ठाऊक आहे ना? मग सवयीने त्यांचा हात आधी दुधाकडेच जाईल. आणि थांबेल. मग किटलीकडे वळेल. तेवढा हात दाखवला, तर चहा आधी ओतलेला बरोबरच ठरतो. पुढे दूध घालतात ते मग ठरवून घालतात."

साहेबांनी डोळ्यांवरचा हात काढला. तिच्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं, आणि मिनिटभरात ते टेबलाभोवती फेऱ्या घालत सगळ्यांना समजावत होते, "हात! मी सकाळपासून काय सांगतोय? तिचा हात मनाच्या आधी जाणतो! कॉनीला बोलवा!"

"त्या गेल्या, साहेब," सिड म्हणाला.

"मग हात कुणाचा?"

सगळ्यांनी एनिडच्या हातांकडे पाहिलं. एक्कावन्न वर्षांचे, भांडी घासलेले, घरमालकिणीच्या मुलीचे हात.

पाच वाजून आठ मिनिटांनी ती मिसेस पेगच्या खुर्चीत बसली होती. मनगटांवर बाईंचे पांढरे कफ चढवलेले. निखळ पांढरं कापड दिव्यात फार चमकतं, म्हणून ते चहात बुडवून वाळवलेले असत. म्हणजे आता कपडेही चहाचे!

"दुधाकडे जायचं, थांबायचं, किटली घ्यायची. ॲक्शन!"

एनिडचा हात दुधाकडे गेला आणि त्याने सरळ कपात दूध ओतलं.

"थांबायचं, मिस टॅपलो!"

दुसऱ्या वेळीही ओतलं. चाळीस वर्षांची सवय, ती का स्टॅनिंगसाहेबांचं ऐकणार?

"देवा, हिला थांबता येत नाही!" साहेब किंचाळले. "चार मिनिटं उरलीत!"

थांबता येत नाही? एनिडला एकदम संताप आला. बावीस दिवस रोज साडेतीनला दुसरं काय करत होते मी? सिडने नवा कप ठेवला. वाफ तिच्या तोंडावर आली. तिने डोळे फिरवले नाहीत. हात निघाला, दुधाच्या भांड्याच्या कानापाशी पोचला, आणि रोजच्यासारखाच हवेत अर्ध्यावर थांबला. बोटं किंचित मिटली. मग तो किटलीकडे वळला.

"कट," स्टॅनिंगसाहेब हळूच म्हणाले.

ठण्ण करून दिवे गेले. पाच वीस.

एनिडने कफ काढले, स्टुलावर परत बसली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिता लिहिता थबकली. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर जांभळा डाग होता, वाटाण्याएवढा. पडद्यावर काळा दिसणार. बाईंच्या हाताला डाग नव्हता. सगळे तिचा हात बघत होते आणि डाग एकालाही दिसला नव्हता, कारण तो बघणारी बाई खुर्चीत बसली होती.

तिने सुस्कारा टाकला आणि लिहिलं : हाताचा शॉट, तिसरा टेक. मधल्या बोटावर पेन्सिलीचा डाग. चूक माझी. ए. टॅपलो.

हॅस्केट मागे उभे राहून वाचत होते. "म्हणजे आता मी तुम्हाला काढावं असं म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं काही नाही. दिसलं ते लिहिलं."

"दुसऱ्या कुणी हे खोडलं असतं."

"ही पेन्सिल खोडली जात नाही, मिस्टर हॅस्केट."

त्यांनी कागद उचलला, पुन्हा वाचला, वैतागून चष्मा काढला, पुसला, परत लावला. "भाडेकरूंची नावं वहीत लिहिणारी बाई आहे ना ही मिसेस पेग? मग असेल तिच्या बोटाला डाग. सोमवारी साडेआठला जहाजाच्या सेटवर या. हात धुऊन या!"

ते गेल्यावर सिड आला. हातात एकच कप. "शेवटचा आहे, मिस. मोरीत ओतवत नाही. दूध आधी घातलंय, तुमच्या पद्धतीनं. घ्या, कोण बघतंय?"

एनिडने कपाकडे पाहिलं. रंग पाहिला, वाफ पाहिली, काठाशी साचलेला फेस पाहिला. पोटभर पाहून घेतलं.

"नको," ती म्हणाली. "तू घे. आणि सावकाश पी, मला बघू दे."